लग्नाआधीचे घर आणि दिल्लीचा हिशेब

रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला लागून उरला ही औद्योगिक वसाहत आहे. रोलिंग मिल, फेरोअलॉयच्या भट्ट्या, थोडे पुढे सिलतऱ्याचे स्पंज आयर्नचे कारखाने आणि या सर्वांवरून उडत येणारी काळी धूळ ही या पट्ट्याची ओळख. मराठी माणूस या मुलखाला नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर बसला. पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभारही नागपूर या राजधानीतूनच चालत होता. शहरातला तात्यापारा आणि चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ ही त्या जुन्या नात्याची खूण. परंतु उरल्याच्या कारखान्यांत प्रयोगशाळा, हिशेबखाते आणि देखभाल विभागांत काम करण्यासाठी विदर्भातून जो वर्ग येतो, त्याचा इतिहास वाड्यांचा नसून गृहकर्जाच्या हप्त्यांचा आहे. या वर्गात स्वतःच्या पगारावर, लग्नाआधी, स्वतःच्या नावे घर घेणाऱ्या मुलीही आहेत, आणि प्राप्तिकर कायद्याला हीच गोष्ट नीटशी उमगलेली नाही.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. विदर्भातून आलेल्या एका रसायनतज्ज्ञ तरुणीने २०१०-११ मध्ये उरल्याजवळ १२ लाखांचे दोन खोल्यांचे घर घेतले. चार वर्षे ती तेथे राहिली. मग लग्न झाले. नवरा केंद्र सरकारच्या सेवेत. त्याचाही नागपुरात एक फ्लॅट, त्यावर कर्ज. बदली दिल्लीला झाल्याने दोघे राहतात सरकारी क्वार्टरमध्ये. तिनेही राजधानीत नोकरी शोधली आणि उरल्याचे घर कारखान्यातल्याच एका कुटुंबाला भाड्याने दिले. दहा-अकरा वर्षे भाडे येत राहिले. २०२५-२६ मध्ये ते घर ३० लाखांना विकायचे ठरले. नागपूरच्या फ्लॅटचे कर्ज फेडावे आणि निवृत्तीनंतर तेथेच राहावे, एवढाच त्यामागचा बेत. दोन घरांच्या दोन माणसांनी लग्न केले आणि त्यांना एक घर पुरते, यात कसला सट्टा नाही की करचुकवेगिरी नाही. तरीही या साध्या व्यवहारात कायदा तीन ठिकाणी आडवा येतो.

भाड्यापुरता तो आडवा येत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. आलेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जावरचे व्याजही वजा जाते. २०१७-१८ पासून या खात्यातला तोटा पगारातून वळता करण्यावर २ लाखांची मर्यादा आली आणि नव्या करप्रणालीत तर तो पगारातून वळता करताच येत नाही. पण त्याने फार कुणाचे अडते असे नाही. विचित्र गोष्ट दुसरीच आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने स्वतःच्या वापरातील दुसऱ्या घरावरचे कल्पित भाडे करमुक्त केले, आणि २०२५ मध्ये त्यासाठीच्या उरलेल्या अटीही काढून टाकल्या. याचा सरळ अर्थ असा की उरल्याच्या घराला कुलूप लावून ठेवले तर कर शून्य, आणि तेच घर एखाद्या कामगार कुटुंबाला राहायला दिले तर कर. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून घरे भाड्याने देण्यास उत्तेजन देण्याची भाषा केंद्रानेच केली. कुलपाला सूट आणि भाडेकरूवर कर, हे त्या भाषेशी कसे जुळते याचा खुलासा अर्थमंत्रालयाने कधी केलेला नाही.

खरा प्रश्न विक्रीच्या वेळी उभा राहतो. इंग्लंडात वा अमेरिकेत घर विकताना करखाते विचारते, मालक त्या घरात किती काळ राहिला? भारतात हा प्रश्नच विचारला जात नाही. जुन्या कायद्याच्या कलम ५४ नुसार विकलेले घर राहते असो वा भाड्याने दिलेले, ते निवासी असले आणि त्याचे उत्पन्न घरमालमत्तेच्या सदरात मोडत असले की पुरे. घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीत असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. (२०१७ पर्यंत ही मुदत तीन वर्षांची होती.) २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने, जो १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन आला, कलमांचे क्रमांक बदलले, ही चौकट तशीच ठेवली. भाड्याने देऊन सवलत गेली, अशी भीती अनेक घरमालकिणींना वाटते. ती निराधार आहे. फक्त भाडेकरूने घराचे वाहतूक कंपनीचे कार्यालय वा सुट्या भागांचे गोदाम केले नसावे, एवढी काळजी उरल्यासारख्या ठिकाणी घ्यावी लागते, कारण मग ते ‘निवासी’ होते की नाही यावर वाद उपस्थित होऊ शकतो.

परंतु या उदारपणाची दुसरी बाजू आहे. घरात राहिल्याचे कायदा जसे विचारत नाही, तसे त्याचे श्रेयही देत नाही. तो श्रेय देतो फक्त पुन्हा घर घेण्याचे. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत नवे घर खरेदी करा, अथवा तीन वर्षांत बांधा. नफा २ कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरेही चालतील. आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील तर ते १९८८ च्या योजनेखालील भांडवली नफा खात्यात ठेवा. हे नको असेल तर महामार्ग वा ग्रामीण विद्युतीकरणासारख्या कामांसाठी काढलेल्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा पाच वर्षे अडकवून ठेवा. तेही नको असेल तर कर भरा. एकटा माणूस एक घर विकून दुसरे घेतो, तेव्हा ही रचना चपखल बसते. ज्या दांपत्याकडे आधीच एक घर जास्तीचे आहे, त्याला मात्र ही रचना सांगते की जास्तीचे घर विकलेत, तर आणखी एक जास्तीचे घर घ्या.

नवऱ्याच्या नागपूरच्या फ्लॅटचे कर्ज फेडणे ही कायद्याच्या लेखी पुनर्गुंतवणूक नव्हे, कारण तो फ्लॅट काही मागच्या वर्षभरात घेतलेला नाही आणि तिच्या नावेही नाही. यातून सल्लागार मंडळी मोठी गमतीदार वाट सुचवितात. १९७९ मध्ये अरविंद रेड्डी प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भावांनी मोबदला घेऊन सोडलेला घरातला हक्क हीदेखील कलम ५४ खालची ‘खरेदी’च मानली होती. मग पत्नीने पतीच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा नोंदणीकृत दस्ताने, बाजारभावाने विकत घेतला तर तीही खरेदीच, असा युक्तिवाद करता येतो. म्हणजे राहणारी माणसे तीच, दार तेच, पाटीही तीच. पण त्यासाठी मुद्रांक शुल्क भरायचे, पतीच्या हातात त्याचा स्वतःचा भांडवली नफा उभा करायचा, बँकेची संमती आणायची आणि पुढे हा व्यवहार खरा होता हे अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. संसारात एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणाऱ्या पैशाला एवढे दस्तऐवज लागावेत, याची दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांना कल्पना नसावी.

नवे घर घेतलेच, तर ते कोणाच्या नावे घ्यायचे हेही स्पष्ट नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये, दत्तक मुलाच्या नावे घेतलेल्या घराच्या प्रकरणात, नवी वास्तू करदात्याच्याच नावे हवी असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कमल वहाल प्रकरणात पत्नीच्या एकटीच्या नावे घेतलेल्या घरालाही सवलत दिली. पैसा करदात्याचा आहे आणि घर अनोळखी माणसाच्या नावे घेतलेले नाही, एवढे त्या न्यायालयाला पुरेसे वाटले. हे दोन्ही निकाल कलम ५४ च्या शेजारच्या ५४फ खालचे, पण तत्त्व तेच. परिणामी विवरणपत्र दिल्लीत भरणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला एक न्याय आणि त्याच्या नागपूरच्या भावाला दुसरा, अशी स्थिती आहे. नवा कायदा लिहिताना एका ओळीत ती मिटविता आली असती. ती ओळ लिहिली गेली नाही.

आता २०२४ ची गोष्ट. त्या वर्षी २३ जुलैला निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा दर २० वरून १२.५ टक्क्यांवर आणला आणि त्याबरोबर चलनवाढीचा निर्देशांक काढून घेतला. सुलभीकरण हे त्याचे अधिकृत कारण होते. गदारोळ झाला, मध्यमवर्ग आपल्याच सरकारवर क्वचितच एवढा रागावलेला दिसतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वित्त विधेयकात दुरुस्ती करावी लागली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनी वा इमारतींपुरता, निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना, दोन्ही पद्धतींपैकी कमी पडेल तो कर भरण्याची मुभा मिळाली.

उदाहरणातल्या घराचा हिशेब या दोन्ही पद्धतींनी करून पाहावा. निर्देशांकाविना नफा १८ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी कर २ लाख २५ हजार. निर्देशांक धरला तर २०१०-११ चा आकडा १६७ आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे १२ लाखांची आजची किंमत २७ लाख १ हजार ७९६, नफा सुमारे २ लाख ९८ हजार, आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ६० हजार. उपकर वेगळा. चौपटीच्या जवळ जाणारा हा फरक कोठून आला? १८ लाखांच्या ‘नफ्या’तले सुमारे १५ लाख रुपये ही नुसती रुपयाची घसरण होती, त्या पैशात तेवढेच घर आले असते, वीट जास्त नाही. नवा दर स्वस्त पडायला या कालावधीत घराची किंमत सुमारे ४.३ पट व्हावी लागते. मुंबईच्या उपनगरात किंवा गुरगावात ते घडतही असेल. धुळीच्या पट्ट्यातल्या दोन खोल्यांना तो भाव मिळेल, अशी आशा कोणी ठेवू नये. जिथे जमीन वेगाने चढते तिथल्या मालकाला दरकपातीचा लाभ आणि जिथे ती जेमतेम महागाईबरोबर चालते तिथल्याला महागाईवरच कर, असा हा न्याय आहे.

जुन्या घरांना दुरुस्तीने वाचविले. पण २३ जुलै २०२४ रोजी वा त्यानंतर जी मुलगी उरल्यात, भिलाईत किंवा बुटीबोरीत घर घेते आहे, तिला ही मुभा नाही. ती पाच-सात वर्षांनी लग्न करून दुसऱ्या गावी जाईल, घर भाड्याने देईल, पंधरा वर्षांनी विकेल आणि तेव्हा संसदेत आज जे बसले आहेत त्यांपैकी बहुतेक जण निवृत्त झालेले असतील. दुरुस्तीच्या वेळी ज्यांचा आवाज होता ते घरमालक होते. ज्यांनी घर अजून घेतलेच नव्हते, त्यांच्या वतीने कोणी बोलले नाही.

दुसरा वगळलेला वर्ग परदेशातल्यांचा. उदाहरणातले दांपत्य दिल्लीऐवजी न्यू जर्सीला वा लंडनला गेले असते, तर तिचा कर ६० हजार नव्हे, २ लाख २५ हजारच झाला असता, कारण निवडीची मुभा फक्त निवासी करदात्यांना आहे. शिवाय निवासी विक्रेत्याच्या ५० लाखांखालील व्यवहारात खरेदीदाराला उद्गम करकपात करावी लागत नाही. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ती पहिल्या रुपयापासून लागते, आणि कमी कपातीचा दाखला आधी मिळविला नाही तर बरेचदा नफ्यावर नव्हे तर पूर्ण किमतीवर कापली जाते. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरून आणि वाट पाहून.

त्या देशांतले नियम मऊ आहेत असेही नव्हे. इंग्लंडात पती-पत्नी मिळून एकच ‘मुख्य निवास’ धरता येतो. लग्नाआधी दोघांची दोन घरे असतील तर त्यातले कोणते मुख्य मानायचे हे लग्नापासून दोन वर्षांत कळवावे लागते. मालक जितका काळ राहिला तितक्या प्रमाणात नफा करमुक्त, आणि घर सोडल्यानंतरचे शेवटचे नऊ महिने माफ. २०१४ पूर्वी ही माफी तीन वर्षांची होती. जुने राहते घर भाड्याने देणाऱ्याला मिळणारी ४० हजार पौंडांपर्यंतची सूटही एप्रिल २०२० पासून, मालक भाडेकरूबरोबर त्याच घरात राहत असेल तरच मिळते; म्हणजे लग्न करून दुसरीकडे राहायला गेलेल्यांच्या दृष्टीने ती संपलीच. अमेरिकेत विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे राहिलेल्याला अडीच लाख डॉलरपर्यंतचा, दांपत्याला पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो. फार काळ भाड्याने दिले की ती सवलत जाते. हे नियम कठोर आहेत, पण त्यांच्या मुळाशी एक ओळखू येणारी कल्पना आहे: राहते घर म्हणजे व्यापार नव्हे. भारतीय कायद्यात ती कल्पना नाही. तिच्या जागी बांधकाम व्यवसायाला ग्राहक मिळत राहावा अशी सोय आहे.

लग्न झालेल्या स्त्रीच्या मालकीकडे कायदा कसा पाहतो, हेही या निमित्ताने तपासावे. पतीने पुरेशा मोबदल्याविना पत्नीला घर दिले, तर भाडे पतीचे मानले जाते, पुढे विकल्यावरचा नफाही त्याच्याच उत्पन्नात मिळविला जातो; कायदा त्यालाच ‘मानीव मालक’ म्हणतो. पत्नीने पतीला दिले तरी तेच. कर चुकविण्यासाठी नावे फिरविणाऱ्यांवर हा लगाम हवाच. मात्र हे नाते दान देतेवेळी असावे लागते. फिलिप जॉन प्लास्केट थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले की लग्नापूर्वी नियोजित वधूला दिलेले शेअर हे ‘पत्नीला’ दिलेले नव्हेत. लग्नाआधी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या घराला तर हा नियम स्पर्शच करीत नाही. ते भाडे आणि तो नफा तिचाच. संयुक्त विवरणपत्राची पद्धत नसल्याने या बाबतीत भारतीय पत्नी तिच्या अमेरिकेतल्या बहिणीपेक्षा स्वतंत्र आहे, आणि हे स्वातंत्र्य जपण्यासारखे आहे.

सरकारी कुटुंबांत मात्र ते हिशेबातल्या गबाळेपणाने गमावले जाते. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतील नियम १८ खाली अधिकाऱ्याला स्थावराचे व्यवहार कळवावे लागतात. पत्नीने स्वतःच्या पैशातून, स्त्रीधनातून वा वारशातून केलेल्या व्यवहाराला पूर्वकल्पनेची ती अट लागत नाही, असा शासनाचाच खुलासा आहे. पण लग्नानंतर उरल्याच्या घराचे हप्ते पतीच्या पगारखात्यातून जाऊ लागले, भाडे त्याच्या खात्यात येऊ लागले, की ‘स्वतःचा पैसा’ या शब्दांचा आधार ढासळतो. दहा वर्षांनी दक्षता विभागाला आणि करखात्याला एकाच वेळी उत्तर देण्यापेक्षा दोन खाती वेगळी ठेवणे सोपे. आणखी एक सावधगिरी: भाड्यातून वजा घेतलेले कर्जाचे व्याज विक्रीच्या वेळी पुन्हा घराच्या खर्चात धरण्याची पळवाट २०२३ च्या वित्त कायद्याने बंद केली आहे.

राज्ये याच्या नेमके उलट चालली आहेत. दिल्लीत पुरुषाला ६ टक्के मुद्रांक शुल्क, तर स्त्रीला ४. छत्तीसगडातही स्त्रीच्या नावे दस्त केल्यास सवलत आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये १ टक्का सूट दिली; पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट तीत घातली होती, ती २०२३ मध्ये काढली. घर स्त्रीच्या नावे व्हावे म्हणून राज्याने महसूल सोडायचा आणि ती लग्न करून गेल्यावर त्या घराच्या महागाईवर केंद्राने कर लावायचा, हे एकाच देशाचे धोरण आहे.

यावर अर्थमंत्रालयातून नेहमीचे उत्तर येईल: सवलत वाढविली की सटोडिये शिरतात. म्हणूनच ती अरुंद ठेवावी. आयुष्यात एकाच घरापुरती, मालक स्वतः त्यात किमान दोन वर्षे राहिल्याचे वीजबिल वा मतदारयादीने सिद्ध होत असेल तरच, खरेदीची तारीख २०२४ आधीची आहे की नंतरची हे न पाहता, आणि मालक कोणत्या देशात राहतो हेही न पाहता, निर्देशांकाची निवड खुली करावी. अशा घराच्या विक्रीतून पती वा पत्नीच्या राहत्या घराचे कर्ज फेडले, तर तेवढी रक्कम पुनर्गुंतवणूक मानावी. नवे घर जोडीदाराच्या नावे चालेल की नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकाने सांगावे. त्यासाठी संसदेचीही गरज नाही. सट्टेबाज दोन वर्षे उरल्याच्या धुळीत राहायला येत नसतो.